आपत्तीची पूर्वसूचना : बांधणी शेवटच्या घरापासून हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

नैसर्गिक आपत्तींची पूर्वसूचना देणारी राष्ट्रीय यंत्रणा हा विषय निघाला की चर्चा बहुधा उपग्रह, रडार, महासंगणक आणि समुद्रात तरंगणारी मापके यांच्याभोवतीच फिरत राहते. ही साधने हवीतच. त्यांच्यावाचून पहिले पाऊलही टाकता येणार नाही. परंतु गेल्या चार दशकांतल्या मोठ्या आपत्तींविषयी जे जे वाचनात आले, त्यावरून माझे मत असे बनले आहे की, धोका कोणालाच कळला नाही म्हणून जितकी माणसे गेली, त्याहून अधिक माणसे तो कळूनही वाटेत कुठेतरी अडला म्हणून गेली. ज्यांना धोका दिसला आणि ज्यांना घर सोडून निघायचे होते, त्यांच्यामधली वाट कोणी बांधलेलीच नव्हती. म्हणून अशी यंत्रणा उभारताना सुरुवात वेधशाळेपासून न करता धोक्याच्या पट्ट्यातल्या शेवटच्या घरापासून करावी आणि तिथून उलट चालत वेधशाळेपर्यंत यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कोलंबियातल्या आर्मेरो या गावाची हकीकत या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. नेवादो देल रुईस हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८४च्या अखेरीपासून धुमसत होता. पुढच्या ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार करून प्रसिद्धही केला आणि चिखलाचा लोंढा ज्या वाटेने येईल असे त्यात दाखवले होते, त्या वाटेवर आर्मेरो होते. १३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी गावावर राख पडू लागली, तेव्हा रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहायला आणि घरातच थांबायला सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मोठा उद्रेक झाला, शिखरावरचा बर्फ वितळला आणि ते पाणी दगडमाती ओढत, नदीच्या पात्रातून सुमारे सत्तर किलोमीटर उतरत साडेअकराच्या आसपास गावात शिरले. मध्ये सव्वादोन तासांहून अधिक वेळ होता, उंच जमीन पायी जाण्याच्या अंतरावर होती, नकाशा छापलेला होता. त्या एका रात्रीत तेवीस हजारांच्या आसपास माणसे गेली. यात विज्ञान कमी पडले असे म्हणता येत नाही. कमी पडला तो ‘आता निघा’ असे अधिकाराने सांगणारा माणूस, आणि ते ऐकल्यावर नेमके कोणत्या दिशेने जायचे याची गावकऱ्यांना आधीपासून असायला हवी होती ती जाण.

एखादा वाचक म्हणेल, ही जुन्या काळातल्या आणि साधनांची टंचाई असलेल्या देशातली गोष्ट झाली. म्हणून दुसरे उदाहरण जपानचे घेतो, कारण या विषयात त्या देशाइतकी तयारी दुसऱ्या कोणाची क्वचितच असेल. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि तीन मिनिटांत जपानच्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. इशिनोमाकी शहराच्या हद्दीतली ओकावा ही प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. भूकंपानंतर शिक्षकांनी मुलांना मैदानात आणून रांगेत बसवले. शाळेला लागूनच टेकडी होती. ध्वनिक्षेपक लावलेली पालिकेची गाडी लोकांना उंचावर जाण्यास सांगत त्या भागातून गेली होती. तरीही कुठे जायचे यावर मोठ्यांमध्ये चर्चा चालू राहिली आणि मुले सुमारे पन्नास मिनिटे मैदानातच थांबली. शाळेच्या आपत्ती आराखड्यात त्सुनामी आल्यास जाण्याचे ठिकाण म्हणून जवळची मोकळी जागा किंवा उद्यान, एवढेच मोघम लिहिलेले होते. शेवटी रांग निघाली ती नदीवरच्या पुलाकडे, आणि लाट त्याच बाजूने आली. शाळेतली ७४ मुले आणि दहा शिक्षक त्यात गेले. पालकांनी लढवलेल्या दाव्यात न्यायालयाने शाळेची आणि स्थानिक प्रशासनाची आधीची तयारीच अपुरी होती असा ठपका ठेवला आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. लाट आल्यावर कोणी काय केले, एवढाच प्रश्न त्या न्यायालयाने विचारला नाही. लाट येण्याच्या कितीतरी आधी, निवांत दिवशी, कागदावर काय लिहिले होते हेही त्याने विचारले.

त्याच दिवसाचा आणखी एक धडा आहे आणि तो संदेशाच्या शब्दांविषयीचा आहे. पहिल्या तीन मिनिटांत भूकंपाची तीव्रता प्रत्यक्षाहून बरीच कमी मोजली गेली, आणि त्या मोजणीवरून मियागी प्रांतासाठी सहा मीटर, तर इवाते आणि फुकुशिमासाठी तीन मीटर उंचीच्या लाटेचा अंदाज सांगण्यात आला. सुमारे अर्ध्या तासाने तो वाढवण्यात आला, पण तोवर अनेक ठिकाणची वीज गेली होती आणि दुरुस्त केलेला आकडा पुष्कळांपर्यंत पोहोचलाच नाही. तीन मीटर ऐकून, आपल्यापुढे याहून उंच भिंत आहे, असा हिशेब करून थांबलेली माणसे होती. यावरून बोध घेऊन जपानने २०१३पासून पद्धत बदलली. भूकंप फार मोठा आहे आणि त्याची तीव्रता चटकन ठरवता येत नाही, अशा वेळी पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा न देता लाट ‘प्रचंड’ असेल, एवढेच सांगायचे. अचूकतेचा मान राखण्यासाठी अर्धवट आकडा देण्यापेक्षा माणसाला जागचे हलवणारा एक शब्द द्यावा, हा निर्णय शास्त्रीय संस्थेला सोपा गेला नसेल, आणि म्हणूनच तो मला आदरणीय वाटतो.

इशारा म्हणजे केवळ माहिती असे आपण समजतो, तिथेच घोडे पेंड खाते. माहिती कळवून मोकळे होता येते. इशारा मात्र कोणीतरी कोणाला तरी ‘हातातले काम टाकून ऊठ’ असे सांगणारा असतो, आणि तसे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नसेल तर ऐन वेळी प्रत्येक जण वरच्याकडे पाहत बसतो. स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री आठनंतर, आणि तोवर कित्येक गावांच्या रस्त्यांवर, तळघरांत, वाहनतळांत पाणी भरलेले होते. २२०हून अधिक लोक त्या पुरात गेले. हवामानाचा अंदाज एका संस्थेचा, मोबाइल संदेशाचे बटण दुसऱ्या प्रशासनाकडे, आणि या दोहोंमध्ये बैठका, अशी ती रचना होती. जर्मनीतल्या अहर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१मध्ये झाले ते याच जातीचे. युरोपच्या पूर-पूर्वसूचना सेवेने चार दिवस आधीपासून सूचना पाठवायला सुरुवात केली होती आणि तरीही त्या एका खोऱ्यात १३०हून अधिक माणसे गेली. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हींकडे उत्तम उपकरणे आणि दोन्हीकडे खालच्या टोकाला हात आखडलेला.

यावर उपाय म्हणून माझ्या मते कायद्यातच दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पहिली म्हणजे, नदीची पातळी अमुक खुणेवर गेली, अमुक तासांत अमुक इतका पाऊस पडला किंवा किनाऱ्याजवळ अमुक तीव्रतेचा भूकंप झाला, की कोणाच्याही सहीची वाट न पाहता इशारा सुटला पाहिजे. त्या खुणा शांत काळात, त्या त्या खोऱ्याचा आणि किनाऱ्याचा अभ्यास करून ठरवल्या पाहिजेत. दुसरी, खुणेच्या आधीच ज्याला डोळ्यांसमोर धोका दिसतो आहे, तो धरणावरचा अभियंता असो, गावचा प्रमुख असो की शाळेचा मुख्याध्यापक, त्याला लोकांना हलवण्याचा अधिकार असावा, आणि प्रामाणिकपणे घेतलेला त्याचा निर्णय पुढे अनावश्यक ठरला तरी त्याच्यावर कारवाई होऊ नये. हे संरक्षण नसेल तर अधिकारी गप्प राहणेच पसंत करील, कारण न दिलेल्या इशाऱ्याची जबाबदारी दहा जणांत वाटली जाते आणि चुकीच्या इशाऱ्याची मात्र एकट्याच्या माथी येते.

इटलीतल्या लाक्विला शहराचे प्रकरण इथे अनेक जण पुढे करतात. ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तिथे तीनशेहून अधिक लोक गेले, आणि त्याआधी काही दिवस भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीवरून सात जणांना २०१२मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली; त्यांपैकी सहा जण २०१४मध्ये निर्दोष सुटले. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, असे तेव्हा जगभर लिहिले गेले, परंतु खटल्याचा गाभा वेगळा होता. लहान धक्क्यांनी घाबरलेल्या लोकांना काळजीचे कारण नाही असा दिलासा मिळाला, आणि धक्का जाणवला की बाहेर येऊन रात्र काढायची आपली जुनी सवय काहींनी त्यामुळे सोडली, ही त्यातली तक्रार होती. न्यायालयाचा अंतिम कौल काहीही असो, दिलासा हाही एक इशाराच असतो, फक्त उलट दिशेचा, आणि तो देतानाही तितकीच जबाबदारी हवी, हे यंत्रणा बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

प्रत्येक आपत्ती हातात देते तो वेळ वेगळा असतो, आणि ‘एक देश, एक बटण’ अशा कल्पनेत हा फरक पुसला जातो. चक्रीवादळ काही दिवस आधी दिसते. मोठ्या नदीचा पूर वरच्या भागातून खाली यायला तास किंवा दिवस घेतो. डोंगराळ भागातला अचानकचा लोंढा आणि दरड काही मिनिटांचाच अवधी देतात आणि त्यांच्यासाठी राजधानीतून येणाऱ्या संदेशापेक्षा ओढ्याच्या वरच्या अंगाला बसवलेला साधा मापक आणि त्याला थेट जोडलेला खालच्या वस्तीतला भोंगा अधिक कामाचा. भूकंपाचे भाकीत तर आजही कोणाला करता येत नाही. जे करता येते ते एवढेच की, भूकंप सुरू झाल्यावर आधी पोहोचणाऱ्या, कमी हानिकारक लहरी ओळखायच्या आणि मागून येणाऱ्या विध्वंसक लहरींच्या आधी संदेश पाठवायचा, कारण विजेच्या वेगाने जाणारा संदेश सेकंदाला काही किलोमीटर चालणाऱ्या लहरींना मागे टाकतो. मेक्सिको शहराला दूरच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या भूकंपाची सूचना अशा रीतीने मिनिटभर आधी मिळू शकते. पण १९ सप्टेंबर २०१७ रोजी भूकंपाचे केंद्र शहराच्या जवळ होते आणि तो मिनिट मिळाला नाही. योगायोग असा की १९८५च्या भूकंपाच्या स्मरणार्थ देशभर होणारी रंगीत तालीम त्याच दिवशी, अवघे दोन तास आधी झाली होती. भोंग्याने दिला नाही तो वेळ, कुठल्या जिन्याने उतरायचे हे नुकतेच करून पाहिलेल्या पायांनी थोडाफार तरी भरून काढला असेल, असे मला मनापासून वाटते. उष्णतेच्या लाटेचे तर आणखी वेगळे. तिथे धावपळ करायची नसते. कामाच्या वेळा बदलायच्या असतात, रुग्णालयांनी खाटा राखायच्या असतात आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन चौकशी करायची असते. २००३च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास जादा मृत्यू झाले, त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते, आणि त्यानंतरच तिथे राष्ट्रीय उष्णता आराखडा आला.

संदेश पोहोचवण्याच्या साधनांत सध्या मोबाइलवर मोठी भिस्त आहे. सेल ब्रॉडकास्ट ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. साधा लघुसंदेश एकेका क्रमांकाला पाठवावा लागतो आणि गर्दीत अडकतो. या पद्धतीत मनोऱ्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी, क्रमांक ठाऊक नसतानाही, मोठ्या आवाजासह संदेश उमटतो. जर्मनीने ती फेब्रुवारी २०२३मध्ये, म्हणजे अहरच्या पुरानंतर सुरू केली. पण मनोऱ्याला वीज लागते, आणि वादळात पहिला बळी विजेचाच जातो. शिवाय फोन उशाशी असेलच असे नाही, असला तरी चार्ज असेलच असे नाही, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला त्याचा आवाज कळणारच नाही. समुद्रात दूर गेलेल्या बोटीवर तर मोबाइलचा टप्पाच संपलेला असतो. २०१७च्या ओखी वादळात दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार असेच खोल समुद्रात, कोणताही संदेश पोहोचू न शकणाऱ्या जागी अडकले आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. त्यानंतर उपग्रहावरून थेट बोटीवर इशारा उतरवणारे छोटे उपकरण आणले गेले. शेवटचे घर म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर अशी बोटही असते. म्हणून एकाच मजकुराचा इशारा एकाच वेळी फोन, रेडिओ, दूरचित्रवाणी, भोंगा, प्रार्थनास्थळांचे ध्वनिक्षेपक आणि बोटीवरचे यंत्र या सगळ्यांतून बाहेर पडावा. त्यासाठी इशाऱ्याच्या मजकुराचा समान नमुना जगाने वीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवला आहे. तो वापरायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

भोंगा वाजला म्हणजे काय करायचे, हे मात्र कोणत्याच उपकरणात नसते. हवाईतल्या माउई बेटावर ऑगस्ट २०२३मध्ये वणवा लाहायना गावात शिरला, तेव्हा बेटावरचे ऐंशी भोंगे गप्प राहिले. जबाबदार अधिकाऱ्याने नंतर दिलेले कारण असे की, लोकांना भोंगा त्सुनामीचा म्हणून ठाऊक होता. तो वाजवला असता तर लोक डोंगराच्या दिशेने, म्हणजे आगीकडे धावले असते. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर तिथे पुष्कळ वाद झाला. पण असा पेच मुळात पडतो तो एकाच आवाजाचा एकच अर्थ लोकांच्या मनात पक्का झाल्यामुळे आणि दुसऱ्या संकटासाठी दुसरी खूण कधी शिकवलीच नसल्यामुळे. संदेशाची भाषाही तशीच पाहायला हवी. ‘ताशी १३० किलोमीटर वेगाचे वारे अपेक्षित, नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाचून कोणालाही नेमके काही करता येत नाही. ‘आज रात्री पत्र्याची छपरे उडतील, नदीकाठचा रस्ता पाण्याखाली जाईल, सूर्यास्ताच्या आत शाळेच्या इमारतीत या, औषधे आणि कागदपत्रे बरोबर घ्या’ हे वाचून माणूस उठतो. ‘सतर्क राहावे’ हा शब्दप्रयोग तर इशाऱ्यांतून कायमचा काढून टाकावा असे मला वाटते. त्याने लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे सगळे जमू शकते, आणि ते जमवण्यासाठी देश श्रीमंत असावा लागत नाही, याचा ठळक पुरावा बंगालच्या उपसागराभोवतीच आहे. नोव्हेंबर १९७०च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानले जाते. त्यानंतर लवकरच नव्या बांगलादेशात सरकार आणि रेड क्रॉस यांनी मिळून स्वयंसेवकांचा कार्यक्रम उभारला. त्याची बांधणी पाहिली की मला जे म्हणायचे आहे ते सहज उलगडते. स्वयंसेवक त्याच गावचा असतो. त्याच्याकडे रेडिओ, हाताने फिरवायचा भोंगा, कर्णा आणि धोका वाढत जाईल तसे एकावर एक चढवायचे झेंडे असतात. तो सायकलवरून किंवा चालत वस्तीवस्तीत जातो, नावाने हाक मारतो, आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे आणि कोणत्या घरात बाळंतीण, हे त्याला विचारावे लागत नाही. तरीही १९९१च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसे गेली, कारण निवारे पुरेसे नव्हते. आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते, कारण घरातल्या पुरुषाच्या परवानगीवाचून निघणे अनेकींना अवघड वाटले आणि निवाऱ्यात वेगळी जागा नसण्याचा संकोचही होता. हे दुखणे ओळखून निवारे वाढवले गेले, त्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय आणि गुरांसाठी जागा असावी असा प्रयत्न झाला, आणि आज त्या कार्यक्रमाच्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७च्या सिद्र वादळात मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. ती संख्याही लहान नाही, पण १९७०शी तिची तुलना केली की गावच्या त्या कर्ण्याचे मोल कळते.

ओडिशात हेच घडले. ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास लोक गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पुढची चौदा वर्षे निवारे, रस्ते, गावपातळीवरच्या समित्या आणि दरवर्षीच्या रंगीत तालमी चालू राहिल्या. ऑक्टोबर २०१३मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. दोन्ही वेळा वादळ येणार हे हवामान खात्याने सांगितलेलेच होते. अंदाज अधिक अचूक झाला हे खरे, पण अधिक मोठा बदल झाला तो किनाऱ्यावरच्या माणसाच्या दाराशी.

ज्यांना घर सोडायला सांगायचे, ते का सोडत नाहीत याचाही विचार अधिकाऱ्यांनी त्यांच्या जागी उभे राहून केला पाहिजे. अशा वेळी लोकांना अडाणी किंवा हट्टी म्हटले जाते, ते ऐकून मला वाईट वाटते. गोठ्यातली जनावरे म्हणजे ज्याची आयुष्यभराची पुंजी, जो मागे राहिलेल्या घरात चोरी होईल म्हणून धास्तावलेला, ज्याची दिवसाची मजुरी बुडाली तर रात्रीची चूल पेटत नाही आणि मागच्या वेळी निवाऱ्यात ज्याला प्यायचे पाणीही मिळाले नव्हते, तो थांबतो तेव्हा त्याच्या परीने हिशेब करूनच थांबतो. तो हिशेब बदलायचा तर गुरांसाठी जागा, रिकाम्या वस्तीवर पहारा, बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि निवाऱ्यात स्वच्छ शौचालय हे सगळे पूर्वसूचनेच्या खर्चातच धरले पाहिजे. रेड क्रॉस आणि इतर काही संस्थांनी अनेक देशांत अंदाजाची ठरावीक खूण गाठली की आपत्ती येण्याआधीच कुटुंबांच्या हाती थोडी रक्कम देण्याची पद्धत सुरू केली आहे. राष्ट्रीय यंत्रणेने तिचा गांभीर्याने विचार करावा. नंतरच्या मदतीवर खर्च होतो त्याचा लहानसा भाग आधी खर्च करायचा, एवढाच तो बदल आहे, आणि त्यावाचून आपले सगळे प्रयत्न वरातीमागून घोडे नेल्यासारखे होतात.

देखभालीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिची कोणालाच हौस नसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत चौदा देशांतली सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. हवाईतल्या त्सुनामी इशारा केंद्राला भूकंप पंधरा मिनिटांत कळला होता, परंतु हिंदी महासागरात कळवायचे कोणाला, याची सोय नव्हती. श्रीलंकेच्या आणि भारताच्या किनाऱ्याला लाट दोनेक तासांनी पोहोचली. नंतर नवी केंद्रे उभी राहिली, भारताचे केंद्र २००७मध्ये हैदराबादला सुरू झाले, इंडोनेशियाने समुद्रात मापके सोडली. पण २०१८मध्ये सुलावेसी बेटावरच्या पालूला त्सुनामी आली, तेव्हा इंडोनेशियाची ती मापके सहा वर्षे बंदच होती. पालूची लाट इतक्या लवकर आली की मापके चालू असती तरी किती उपयोग झाला असता, हा प्रश्न आहेच. परंतु सहा वर्षे बंद पडलेली यंत्रे नकाशावर चालू असल्यासारखी राहतात, ही गोष्ट फार घातक आहे. उद्घाटनासाठी निधी मिळतो, बॅटरी बदलण्यासाठी मिळत नाही. यंत्रणेच्या अर्थसंकल्पात देखभालीचा हिस्सा कायद्याने राखून ठेवावा, आणि कोणते उपकरण चालू, कोणते बंद, याची यादी दरमहा जाहीर करावी.

२००४च्याच त्सुनामीत सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार लोकसंख्येत फक्त सात माणसे गेली, आणि तिथे कोणतेही उपकरण नव्हते. १९०७च्या लाटेनंतर आजीआजोबांनी नातवंडांना गाण्यांतून आणि गोष्टींतून एक शब्द दिला होता, ‘स्मोंग’. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर कोणाचीही वाट न पाहता डोंगर गाठायचा, एवढा त्याचा अर्थ. बेट भूकंपाच्या केंद्राच्या इतके जवळ होते की तिथे कोणत्याही केंद्राचा संदेश वेळेत पोहोचलाच नसता. राष्ट्रीय यंत्रणेच्या आराखड्यात शाळेच्या पाठ्यपुस्तकाला आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या रंगीत तालमीला रडारइतकेच स्थान असावे, असे मी म्हणतो ते यामुळे. तालीमही खरीखुरी हवी: रात्रीची, पावसातली, वीज बंद करून घेतलेली, आणि तीत चाकाच्या खुर्चीवरची माणसेही असलेली.

चुकीच्या इशाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट प्रत्येकाला पाठ असते, आणि तिचा आधार घेऊन इशारे रोखून धरले जातात. माझ्या समजुतीप्रमाणे लोकांचा विश्वास उडतो तो इशारा फोल ठरल्यामुळे तितका नाही, जितका तो का दिला आणि का फोल ठरला हे नंतर कोणी सांगत नाही यामुळे. वादळाने शेवटच्या सहा तासांत दिशा बदलली, तर दुसऱ्या दिवशी त्याच अधिकाऱ्याने त्याच रेडिओवर येऊन ते सांगावे, आलेल्यांचे आभार मानावेत आणि पुढच्या वेळीही निघा असे म्हणावे. लोक समजून घेतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२२मध्ये असे उद्दिष्ट जाहीर केले की, २०२७ अखेरपर्यंत पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे संरक्षण मिळावे. त्याचे चार भाग केले आहेत: धोक्याचे ज्ञान, निरीक्षण आणि अंदाज, संदेशाचा प्रसार, आणि लोकांची तयारी. पहिल्या तिन्ही भागांची प्रगती उपकरणे आणि नकाशे मोजून दाखवता येते. चौथ्याची मोजणी अवघड, म्हणून तोच मागे पडेल अशी मला भीती आहे. माझी सूचना अशी की, प्रत्येक देशाने प्रत्येक आपत्तीनंतर तीन महिन्यांत एक जाहीर अहवाल काढावा आणि त्यात फक्त वेळा लिहाव्यात: धोका प्रथम कोणाला व किती वाजता कळला, इशारा कोणी व किती वाजता सोडला, पट्ट्यातल्या सर्वांत दूरच्या वस्तीत तो किती वाजता व कशातून ऐकू आला, आणि तिथले शेवटचे माणूस किती वाजता सुरक्षित जागी पोहोचले. दोष कोणाचा, हे नंतर ठरवता येईल. आधी या चार वेळा खऱ्या लिहिल्या जाऊ द्या.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडेही माझे एक मागणे आहे. इशारा जाहीर झाला की त्याची बातमी येते, आपत्तीनंतर मृतांच्या आकड्याची बातमी येते. या दोहोंच्या मधल्या तासांची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या खेपेला वाचलेल्या गावातही जावे आणि इशारा कोणाच्या तोंडून ऐकला, तेव्हा हातात काय काम होते, घरातून निघताना काय बरोबर घेतले आणि कोण मागे राहिले, हे विचारून त्या त्या वेळेसह छापावे, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक